बोटभर अलीकडे

"बल्ब पेटला का गो?" बॉनेटखाली डोकं घालून गोविंदानं विचारलं.

"पेटला," काशीबाई म्हणाली.

"मग टायमिंग बसलं." त्यानं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा नट आवळला आणि फडक्याला हात पुसले.

काशीबाई मात्र बल्ब धरून तशीच वाकून राहिली. तिची नजर खाली पुलीवर होती. बल्ब पेटतो त्या क्षणी पुलीवरची खाच इंजिनावरच्या काट्यासमोर हवी. ती बोटभर अलीकडेच थांबली होती. नवऱ्यानं गंजाचा एक ओरखडाच खाच म्हणून धरला होता. साखरेनं त्याचे डोळे खाल्ले होते, आणि ही गोष्ट अख्ख्या पेणमध्ये दोघांनाच ठाऊक होती. "बाहेर कळलं तर कोण लावील दारात गाडी?" एवढंच तो एकदा म्हणाला होता. पुन्हा तिनं तो विषय काढला नव्हता.

खाच अलीकडे राहिली की ठिणगी लवकर पडते आणि इंजिन सुरू करायला गाडीपुढून मारायचं हँडल मारणाऱ्याच्या हातातच उलटं फिरतं. गोविंदाचं उजवं मनगट तसंच मोडलं होतं. अजून त्या हातानं भाकरी मोडवत नव्हती.

"काका, मारू हँडल?" सुजयनं बाह्या वर सारल्या. आजोबांची जुनी फियाट त्यानं कोलाडहून टेम्पोत घालून आणली होती. बॅटरीत बल्बापुरता जीव होता, स्टार्टरपुरता नव्हता. "काकी, तुम्हीपण मेकॅनिक काय?"

"नाय रे बाबा. चाळीस वर्षं नुसता बल्ब धरते."

"मग प्रमोशन कधी?"

गोविंदा खदखदून हसला. त्यानं काढून ठेवलेली ठिणगीची मधली वायर बसवली. "मार," म्हणाला.

सुजय गाडीपुढे वाकला. त्यानं हँडलला अंगठ्यासकट सगळी मूठ घातली. एरवी असं दिसलं की गोविंदा लांबूनच ओरडायचा. आज तो हसऱ्या तोंडानं उभा होता. काशीबाईनं हातातला बल्ब खाली ठेवला. बोलावं तर गॅरेज जातं. न बोलावं तर या पोराचं मनगट. सुजयचा खांदा वर उचलला गेला.

"थांब!" स्वतःचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. तिनं पुढे होऊन हँडल धरलं. "पहिलं हँडल माझं. आमच्या गॅरेजची रीत हाय."

"झेपंल का काकी?" सुजय हसत बाजूला झाला.

गोविंदाचं हसू विझलं. अशी कसलीच रीत नव्हती. बॉनेटची कड धरत तो तिच्याजवळ आला, कानाशी वाकला.

"किती?"

"बोटभर. अलीकडं."

त्यानं चाचपत मधली वायर ओढून काढली, नट सैल केला. तिनं हँडल हळूच सरकवून खाच काट्यासमोर आणली, मग बल्ब धरला. तो केसाकेसानं डिस्ट्रिब्यूटर फिरवत राहिला.

"पेटला," ती म्हणाली.

नट आवळताना पाना दोनदा निसटला.

"काय झालं काका?"

"जरा राहिलं होतं," गोविंदा पुटपुटला आणि त्यानं वायर परत लावली.

"अंगठा बाहेर ठेव," काशीबाई सुजयला म्हणाली. "नि वर ओढ. खाली दाबू नको."

त्यानं ओढलं. तिनं डोळे मिटून घेतले. पहिल्यांदा नुसतंच फुसकन झालं. दुसऱ्या ओढीला इंजिनानं पकडलं आणि ते एका सुरात चालू लागलं.

सुजय नाचायचाच काय तो बाकी होता. "मानलं काका!" म्हणत त्यानं गोविंदापुढे हात केला.

हात हवेतच राहिला. गोविंदा आवाजाच्या दिशेला तोंड करून उभा होता. सुजयनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग पुलीकडे. मग स्वतःच्या मनगटाकडे. शेवटी काशीबाईकडे. मघाशी हँडलपुढे भ्याली नव्हती इतकी ती आता भ्याली.

सुजयनं हात मागे घेतला आणि तो वाकला.

"काका, मी सुजय. पाया पडतोय."

गोविंदाचा हात खाली आला. आधी कान लागला, मग डोकं.