लुटुपुटूची वरात

भोंगवलीच्या बँडला नवी वाद्यं घ्यायची होती. निधी जमावा म्हणून गावानं ‘जुन्या काळची वरात’ असा कार्यक्रम ठेवला आणि फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये नवरा-नवरी म्हणून बसवलं ते सत्तरीतल्या कुंडलिकनानांना आणि बयाबाईंना. नानांची उभी हयात याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेलेली.

वरात निघाली. बँड पुढं, जीप मागं. मुंडावळ्या सावरता सावरता बयाबाईंचं लक्ष गेलं. नवऱ्याची बोटं मांडीवरच सूर धरत होती.

“जावा की! जीव तिकडंच हाय तुमचा.”

“न्हाई गं. आपल्या वरातीत क्लॅरिनेटवाला आलाच न्हाई, म्हनून मीच उतरून वाजवत गेलो. नवी नवरी तू, गाडीत एकटीच बसून आलीस. आज न्हाई उतरायचा.”

बयाबाईंनी हलक्या हातानं त्यांच्या गळ्यातला हार काढून आपल्या मांडीवर ठेवला.

“उतरा वो. पर तवा सारी वाट म्या तुमची पाठच बघितली. आज माज्याकडं तोंड करून वाजवा.”