वाघाची नळी

प्रयोगशाळेत नळीवर रक्तदात्याचं नाव लिहायला मनाई होती. त्यामुळे तिथल्या एका संशोधिकेच्या वडिलांच्या रक्ताची नळी सगळ्यांसाठी नुसती ‘वाघ’ होती. करोनाच्या एकाही अवताराला ते रक्त पेशीजवळ फिरकू देत नसे. तीही घरी फुशारकीनं सांगायची, “बाबा, तुम्ही बिनधास्त हिंडा.” ते हिंडले, आणि नव्या अवतारानं त्यांना आठवडाभरात नेलं. तोच अवतार आता तिच्याच टेबलावर आला. विषाणू जुनाच होता, फक्त अंगावरच्या प्रथिनाच्या काट्यांची ठेवण जराशी बदलली होती. तिनं नळीतला शेवटचा थेंब त्याच्यावर सोडला आणि ते मिश्रण जिवंत पेशींवर घातलं. नंतर सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर एकूण एक पेशी मेलेली. साहेब खांद्यावरून डोकावून हसले. “वाघाची शेळी झाली की! नवा अवतार जुन्या रक्ताला जुमानत नाही, याचा झकास पुरावा! दात्याकडून अजून रक्त मागव.” “दाता गेला, साहेब.” “अरेरे,” रिकामी नळी कचऱ्यात टाकत ते म्हणाले, “मग दुसरा वाघ शोध.”