आरपार दगड

कमानीखालचा लाकडी साचा उद्या सकाळी काढायचा, असं मुलाने सांगितलं आणि म्हातारा गवंडी उठून डावीकडच्या भिंतीपाशी गेला.

साचा निघाला की त्या कमानीदार दगडी छताचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर येणार. असं छत भिंतींना नुसतं खाली दाबत नाही, बाहेरही रेटतं. आणि ज्याने छत बांधलं त्याने साचा काढताना खाली उभं राहायचं, ही गवंड्यांची जुनी रीत. छत मुलाने बांधलं होतं. डावीकडची भिंत मात्र म्हाताऱ्याच्या हातची, वीस वर्षांपूर्वीची.

भिंत दोन हात जाड होती. अशी भिंत एकसंध नसते. बाहेरचं तोंड एक गवंडी रचतो, आतलं दुसरा, आणि मधल्या पोकळीत कपच्या आणि चुना भरतात. दोन्ही तोंडं एकमेकांना धरून राहावीत म्हणून बाहेरच्या गवंड्याने थराथरात काही लांब दगड आरपार घालायचे असतात. ते नसले तर भार आल्यावर भिंत मधून फाटते.

बाहेरचं तोंड म्हाताऱ्याचं होतं. आरपार दगड घडायला अर्धा दिवस जातो आणि उचलायला चार माणसं लागतात. याला तेव्हा मुकादम व्हायची घाई झाली होती. त्याने वीतभर लांबीचे दगड बसवून वेळ मारून नेली. बाहेरून दिसायला सगळे सारखेच. त्याचं काम नेहमी दोन थर पुढे असायचं, आणि आतल्या पोकळीत डोकावायचं तो टाळायचा. चोराच्या मनात चांदणं.

आतल्या तोंडावर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. निव्वळ गोगलगाय. एकेक दगड घडत बसायचा, शेपटीवर, म्हणजे भिंतीत जाणाऱ्या टोकावर, प्रत्येक गवंडी कोरतो तशी आपली खूण, चिमणीचं पाऊल, कोरायचा आणि मग सावकाश उचलवून घ्यायचा. दिवसात धड एक थर व्हायचा नाही. त्याच्यापायी बाहेरचंही काम अडायला लागलं, तसं याने वरच्यांच्या कानावर घातलं. भिंत माथ्याला लागली त्याच आठवड्यात मेहुण्याला कामावरून काढलं आणि हा मुकादम झाला.

निघताना मेहुणा दारात, बहिणीसमोर, एवढंच म्हणाला, "भिंतीची काळजी करू नका, दाजी."

ते वाक्य याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. त्याला सगळं दिसलंय, एक दिवस तो तोंड उघडणार, असं याला वाटत राहिलं. पण मेहुण्याने तोंड उघडलं नाही, आणि पुन्हा तो दाराशीही आला नाही. सहा वर्षांपूर्वी तो वारल्याचं कळलं, तेव्हा बायको दिवसभर भिंतीला पाठ लावून बसून राहिली. याला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज अजून गेली नव्हती.

दुपारपर्यंत तो भिंतीपाशी घुटमळला. बोलावं तर सगळ्या जन्माची अब्रू जाते, गप्प बसावं तर मुलगा जातो. शेवटी त्याने मुलाला बाजूला घेतलं. खरं सांगायचं म्हणूनच तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"साचा काढू नकोस. या भिंतीचं बाहेरचं तोंड तुझ्या मामाने बांधलंय. त्याने आरपार दगड घातलेले नाहीत."

साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा हिशेब. गेलेला माणूस थोडाच उलट बोलणार? पण मान वर केली तर समोर बायको, डबा घेऊन आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. डबा तेवढा खाली ठेवला.

"मग आतलं तोंड तुमचं?" मुलाने विचारलं.

"माझं."

"उघडून बघू. साचा आहे तोवर धोका नाही."

नको म्हणायला कारण सुचेना. मचाण आतल्या बाजूला होतं, म्हणून आतलाच एक दगड काढायचं ठरलं. सांध्यातला चुना खरवडला गेला, पहारी लागल्या, आणि तेव्हा कुठे म्हाताऱ्याला शेपटीवरच्या खुणांची आठवण झाली. आता उशीर झाला होता.

दगड वीतभर बाहेर आला. मग हातभर. तरी संपेना. गड्यांनी खाली ओंडके सरकवले, दोर लावले, आणि अखेर जवळजवळ दोन हात लांबीचा दगड जमिनीवर टेकला. शेजारचा हलवून पाहिला, तोही तसाच. बाहेरच्या तोंडाला जाऊन भिडलेला.

मुलाने दगडाच्या शेपटीवरची चिमणीच्या पावलाची खूण पाहिली. मग खांद्यापर्यंत हात घालून तो भोक चाचपत राहिला.

"याच्याखाली एक तोकडा दगड आहे, बाहेरून बसवलेला," तो म्हणाला. "हा त्याच्या शेपटीवर बसून त्याला दाबून धरत होता." त्याची बोटं आत काहीतरी गिरवत होती. "तोकड्यावर त्रिकोण आहे, बाबा. तुमचा."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. बायको लांब दगडापाशी बसली आणि खुणेवरचा चुना तिने हाताने पुसून काढला.

"जाताना तो सांगून गेला होता तुम्हाला," ती म्हणाली. "भिंतीची काळजी करू नका म्हणून."