खाणीतले झिंगे

"आप्पासाहेब, तुमच्या गोठ्याचं पाणी माझ्या खाणीत येतंय. आजच्या आज बंद करा," मनकर्णाने भर चावडीवर बजावले.

आप्पासाहेब हसले. "झिंगे पाळायचे ही काय आपल्यातल्या बायकांची कामं हायेत? मरायचेच ते."

कोल्हारच्या जुन्या दगडखाणीतल्या पाण्यात मनकर्णाने प्रवरेतले झिंगे आणून सोडले होते. दिवाळीपर्यंत ते जगले तर खाण तिच्याकडे, नाहीतर आप्पासाहेबांच्या म्हशींना, असे पंचायतीने ठरवले होते. गाव टिंगल करण्यात पटाईत. बाजूने होती ती एकटी सासू, गोजरबाई.

पण झिंगे वाढेनात. कवच मऊ पडलेले, काठाला रोज मेलेले दिसत. मत्स्यखात्याच्या साहेबांनी पाणी तपासले.

"अमोनिया झालाय. जनावरांचं मूत मिसळत असेल, नाहीतर खाणं तळाशी कुजत असेल. त्यानं झिंगा गुदमरतो, अंग धरत नाही."

"मी मूठभर पेंडीवर कणभर जादा घालत न्हाई," मनकर्णा म्हणाली.

म्हणजे गोठाच! तिने कुदळ घेतली आणि आप्पासाहेबांच्या देखत त्यांच्या गटारावर बांध घातला. "आता काढून दाखवा." कुणी पुढे आले नाही.

गोजरबाईचा ऊर भरून आला. म्हातारीची रीत जुनी: आधी मुक्या जिवाचा घास बाजूला काढायचा, मग जेवायचे. गेल्या साली गाय विकली तरी घास निघतच होता. पहाटे देवळाला जाताना ती तो पदरात बांधून नेई.

बांध घातला तरी झिंगे मरतच राहिले, उलट जास्तच. मनकर्णा पेटली. आप्पासाहेब चोरून बांध फोडत असणार! कितीही मोठा माणूस असो, पकडून चावडीवर उभा करायचा. एका पहाटे ती दांडके घेऊन बाभळीआड बसली.

बांध शाबूत होता. तेवढ्यात पावले वाजली. दांडके उगारून ती उठली.

काठावर गोजरबाई उभी होती. तिने डोक्यावरची पाटी उतरवली. पाटीत गल्लीभरच्या शिळ्या भाकरी होत्या. ती त्या चुरून चुरून पाण्यात सोडू लागली.

"खा रं लेकरांनो, पोटभर खा. माझी सून तुमच्यापायी गावाशी भांडतीय, मग म्या तुमाला उपाशी मरू दीन व्हय?"