उजव्या हाताच्या मुंग्या

उशीचा अभ्रा काढताना आतून गोळ्यांचं पाकीट पडलं. सुनीतीबाईंनी ते उचललं आणि नवऱ्याकडे पाहिलं. दिगंबरराव पेपरमध्ये तोंड खुपसून बसले होते. पान मात्र मघापासून उलटलं नव्हतं.

सुनीतीबाईंचा संशय काही आजचा नव्हता. वाचनालयात जातो म्हणून निघालेला माणूस हल्ली रिकाम्या हाताने परत यायचा. आला की उजवी मूठ वळायचा, उघडायचा. विचारलं की म्हणायचा, "व्यायाम." जन्मात जिन्याशिवाय काही न चढलेल्या माणसाला कसला आलाय व्यायाम! काहीतरी मोठं आहे आणि ते आपल्यापासून लपवलं जातंय, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

सकाळीच वाघोलीहून लेक आली होती, कादंबरी. आल्या आल्या तिचं बापाशी वाजलं.

"बाबा, हा गीझर मी शाळेत होते तेव्हाचा आहे. आता तरी बदला."

"पाणी तापतंय ना? मग दुकानदाराच्या पोटापाण्याची काळजी तुला कशाला?"

ती हसत टॉवेल घेऊन अंघोळीला गेली. सुनीतीबाईंना हवा तो एकांत मिळाला. त्यांनी पाकीट पेपरवर ठेवलं.

"ह्या कसल्या गोळ्या?"

"अभ्रे धुवायला आजचाच मुहूर्त सापडला का?"

"अहो, मी विचारतेय."

दिगंबररावांचा आवाज उतरला. "उजव्या हाताला मुंग्या येतात. रोज सकाळी. डॉक्टर बदलून पाहिला. तोही म्हणतो, काही नाही. म्हणजे नक्कीच लपवतोय. तुला सांगितलं असतं तर तू हाय खाल्ली असतीस."

सुनीतीबाई मटकन पलंगावर बसल्या. राग कुठल्या कुठे गेला.

"मलाही येतात," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

समजूत घालायला म्हणतेय की काय? दिगंबरराव बायकोकडे निरखून बघत राहिले. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. उतारवयात दोघांना एकाच आजाराने गाठावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. आपण एकटे नाही म्हणून थोडं बरंही वाटलं.

तेवढ्यात बाथरूमच्या बंद दारामागून कादंबरीने हाक मारली.

"आई, गरम पाण्याचा नळ सोडताना हाताला मुंग्या का येतात गं?"