भाटघरचा जलविहार

ट्रंक आत ठेवताच होडी एका अंगाला कलली आणि सासूबाईंनी काठावरूनच देवाचा धावा सुरू केला.

"काय भरलंय वैनी हिच्यात?" कोंडिबानं धापा टाकत विचारलं.

कुंदानं तर दोनच लुगडी काढून दिली होती. ट्रंक भरली सासूबाईंनी, कुलूपही त्यांनीच घातलं. थंडीचे दिवस, तीन दिवसांचा प्रवास, पांघरुणं असतील असं तिनं धरून चाललं होतं. श्रीपाद मात्र हसून म्हणाला, "चल रे, येताना हलकी असेल तुझी होडी." कुंदालाही हसू आलं. लाडवांचा डबा काही येताना भरलेला राहणार नव्हता.

श्रीपाद संस्थानच्या कचेरीत कारकून. कचेरी, घर आणि संध्याकाळी देऊळ, यापलीकडे त्याला जग ठाऊक नव्हतं. धरण भरून बरीच वर्षं झाली होती, पण त्या पाण्यावर नुसतं मजेसाठी हिंडायला भोरमधलं कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. लोक होडीत बसत ते पलीकडच्या गावाला जायला, तेही जीव मुठीत धरून. अशा माणसानं एके दिवशी जेवताना सांगून टाकलं, की जलविहाराला जायचं. पहिला मुक्काम वेल्ह्याच्या अंगाला कुंदाच्या माहेरी आणि पुढं दोन दिवस काठाकाठानं भटकायचं. सोबत आईही येणार.

कुंदाचा कानांवर विश्वास बसेना. लग्नाला सात वर्षं झाली, नवऱ्यानं तिला कधी साध्या जत्रेला नेलं नव्हतं. सात वर्षांत घरात पाळणा हलला नाही, आणि त्यावरून ऐकून घ्यावं लागलं नाही असा दिवसही गेला नाही. पण गेला महिनाभर सासूबाईंच्या तोंडून एक टोमणा नव्हता. देवी पावली, असंच कुंदाला वाटत होतं. तिनं मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी ही सहल नीट पार पडली पाहिजे. वाकडं काही झालं तर ते तिच्याच पायगुणावर जाणार होतं.

आणि वाकडं व्हायला सुरुवात काठापासूनच झाली. कोंडिबाचा जोडीदार आलाच नाही. कोंडिबा एकटाच निघाला. त्याचं शेत धरणात गेलं तेव्हा त्यानं नांगर सोडून वल्हं धरलं, पण धरायचा नांगरासारखंच. जरा आत जातात तोच वारा समोरून आला. सासूबाईंना मळमळायला लागलं. दशम्यांच्या पिशवीत पाणी शिरून त्यांचा लगदा झाला.

"वारं वंगाळ हाय वैनी. माघारी फिरू का?" कोंडिबा म्हणाला.

मालकाला सोडून हा मला का विचारतोय, म्हणून कुंदा संकोचली. नको म्हणाली.

मग एक वल्हं मोडलं. कोंडिबानं पुन्हा तिच्याकडेच पाहिलं. तिनं पुन्हा मान हलवली. श्रीपाद पाण्याकडे बघत बसला होता. त्याची एकच छोटी पिशवी पायाशी होती. पुरुषांना लागतं तरी काय, असं तिच्या मनात आलं.

मधल्या पाण्यात होडी कशावर तरी खरवडली. बुडालेल्या आंब्याचं खोड, कोंडिबा म्हणाला. फळीला भोक पडलं आणि पाणी आत यायला लागलं. सासूबाईंनी गळा काढला. कुंदानं पदर खोचला आणि तांब्यानं पाणी उपसायला सुरुवात केली. वजन कमी करायला हवं होतं. लाडवांचा डबा गेला, स्टोव्ह गेला, वळकटी गेली. श्रीपादनं स्वतःची पिशवीही भिरकावून दिली.

"ती ट्रंक टाका आधी," कुंदा म्हणाली. "माझ्या दोन लुगड्यांचं काय एवढं?"

श्रीपादनं ट्रंकेवर दोन्ही हात ठेवले. "ती नाही. त्यात तुझं सामान आहे."

कुंदाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सात वर्षांत इतकं मायेचं कुणी बोललं नव्हतं. ती दुप्पट जोरानं उपसू लागली.

कोंडिबा वाकून हळूच म्हणाला, "वैनी, अजून बी सांगा. ह्यो काठ जवळ हाय. हितनं चालत भोर गाठू."

"नाही कोंडिबा. काहीही करा, पण पलीकडं न्या."

त्यानं उरलेलं वल्हं पाण्यात घातलं.

पलीकडचा काठ लागला तेव्हा कुंदाच्या तळहातांची सालटी निघाली होती, पण ती जिंकल्यासारखी हसत होती. तिचा भाऊ रघुवीर बैलगाडी घेऊन उभा होता. एरवी भाकरतुकडा ओवाळायला वहिनी येई, आज तो एकटाच होता. कुणाशी न बोलता त्यानं ट्रंक गाडीत चढवली.

सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून कुंदाच्या हातात ठेवली. "असू दे तुझ्यापाशी," त्या म्हणाल्या. कुंदा त्यांच्या पाया पडली.

"तुम्ही दोघं व्हा पुढं," श्रीपाद म्हणाला. "भोक बुजवलं की आईला घेऊन आलोच."

गाडी चढाला लागली. ट्रंकेतून पाणी ठिबकत होतं. वळणावर कुंदानं गाडी थांबवायला सांगितली, भिजलेली लुगडी पिळून तरी घ्यावीत म्हणून.

"घरी गेल्यावर बघ," रघुवीर मागे न वळता म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. किल्ली फिरवली. वर तिची दोन लुगडी होती. त्याखाली तांब्या, घंगाळ, समई, ताटं, वाट्या, लग्नात आंदण आलेलं एकूण एक भांडं नीट एकात एक बसवून ठेवलेलं होतं आणि प्रत्येकावर तिच्या वडिलांचं नाव घातलेलं होतं.

खाली पाण्यात वल्ह्याचा आवाज येत होता. एका वल्ह्यावरसुद्धा होडी भोरकडे भरभर चालली होती.