स्ट्रॉबेरीच्या वासाचा कागद

"हात नाही हं लावायचा कुणी, नुसता वास घ्यायचा," मारिविक म्हणाली आणि तिनं ती जाडजूड फाईल पान्सितच्या शेवयांची ताटं बाजूला सारून टेबलाच्या मधोमध ठेवली.

शाळेच्या हॉलमध्ये पन्नाशीच्या बायका निळे चुण्यांचे स्कर्ट आणि पांढरे ब्लाउज घालून बसल्या होत्या. स्नेहसंमेलनासाठी मुद्दाम शिवून घेतलेले गणवेश. कुणाच्या बटणाचा जीव मेटाकुटीला आलेला, तर कुणी विरळ केसांना लाल रिबिनी बांधलेल्या. फाईल उघडली मात्र, सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या.

आत पारदर्शक पाकिटं होती आणि पाकिटापाकिटातून एकेक कोरा कागद. फिकट रंगांचे, कोपऱ्यात चित्रं असलेले, सुवासिक. पत्रं लिहायला बनवलेले, पण त्या वयात त्यांच्यावर कुणी लिहीत नसे. ते जमवायचे, हुंगायचे आणि मधल्या सुट्टीत एकाला एक बदलून घ्यायचे.

जोसीनं तोंडातला घास गिळायच्या आत नाक खुपसलं. "अगंबाई, येतोय की अजून! पेपरमिंट!"

तिच्या हनुवटीवरचं तेल पाकिटाला लागलं. मारिविकनं ते पुसलं आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "किती निरागस होतो गं आपण. कुणाच्या मनात काही म्हणून पाप नव्हतं."

टेबलाच्या टोकाशी बसलेल्या नेलियानं ताटातल्या शेवया दूर सारल्या.

कागदांवर तिच्याइतका जीव वर्गात कुणी टाकला नसेल. पण तिच्या तळहातांना सदा घाम. तिची आजी लोकांचे कपडे इस्त्री करायची, नेलिया मदत करायची आणि गरम हात तसेच थंड पाण्यात घालायची, म्हणून तिला पास्मा, म्हणजे हाताला घाम सुटायचा रोग झालाय, असं सगळ्या म्हणत. तो लागतो, असंही म्हणत. त्यामुळे मधल्या सुट्टीत बाकी मुली कागद हुंगायच्या आणि नेलिया हात पाठीमागे घेऊन दोन पावलं लांब उभी राहायची.

मारिविकनं पान उलटलं. फिकट गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचा कागद, एका छत्रीखाली दोन बदकं.

नेलियानं तो लगेच ओळखला. तिची आई हाँगकाँगला लोकांच्या घरी कामाला होती, तिनं तिकडून पाठवलेल्या गठ्ठ्यातला हा कागद. बाकीच्या कागदांवर नेलियानं आईलाच पत्रं लिहिली होती. हा शेवटचा मारिविकनं मागून घेतला. बदल्यात मांजरीचे दोन द्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुझ्या हातात कसे देऊ गं? भिजतील ना!" सगळा वर्ग हसला होता. त्याच वर्षी आई घरी आली, ती शवपेटीतून.

"हा माझा आहे, मारिविक," नेलिया म्हणाली. "मला परत दे."

"तुझा कसा? बदलून घेतला होता ना आपण?"

"बदल्यात काय दिलंस?"

"आता कोण लक्षात ठेवतं बाई! आणि एक काढला की सगळी फाईल बोडकी दिसेल. फोटो काढून घे हवा तर."

"आईचा आहे तो. तिचं दुसरं काही नाहीये माझ्याकडे."

मारिविकचा चेहरा विरघळला. तिनं मान वाकडी केली. "म्हणून तर इतका जपलाय गं मी! तुझ्याकडे राहिला असता का? त्या हातांत?"

बायका हसल्या. तेव्हा हसल्या होत्या तशाच, फक्त आता हसण्यात माया कालवलेली होती. त्या मायेचीच नेलियाला खरी किळस आली.

तिनं आपला उजवा हात पाहिला. रेषारेषांतून पाणी साचलं होतं. नातवंडं आशीर्वादासाठी हात कपाळाला लावायला आली तरी ती आधी तो स्कर्टला पुसून घ्यायची. चर्चमध्येही रुमाल मुठीतच. आत्ता तिनं हात पुसला नाही. पाकिटातून कागद ओढून काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर पाचही बोटं पसरून तळहात दाबला. चांगला सावकाश, भार देऊन.

"ए! ए! वेडी झालीस का?" मारिविक किंचाळली.

नेलियानं हात उचलला. कागदावर ओला पंजा उमटला होता आणि दोन्ही बदकांचा रंग फुटून पसरला होता.

मारिविकनं टिशूच्या चिमटीत कागदाचा कोपरा धरला आणि तो अंगापासून लांब, नेलियाच्या पुढ्यात टाकला. "शी! घेऊन जा तो. बाकीच्यांना लागायच्या आत घेऊन जा!"

"थँक्यू," नेलिया म्हणाली.

तिनं कागद नाकाशी नेला. स्ट्रॉबेरीचा मागमूस नव्हता. मारिविकच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता, उबग आणणारा. तरी तिनं तो घडी घालून ब्लाउजच्या खिशात ठेवला.

"चला, फोटो!" फोटोग्राफर ओरडला. "शाळेतल्यासारख्या उभ्या राहा बघू. हातात हात धरा सगळ्यांनी!"

नेलिया मुद्दाम मारिविकशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं आपला हात पुढे केला. न पुसता.

त्या फोटोत सगळ्या एकमेकींचे हात धरून हसताहेत. मारिविक तेवढी हात पाठीमागे घेऊन, दोन पावलं लांब उभी आहे.